शेजारी बसणारं माणूस

थंडीत ग्वाल्हेरचं ऊन अंगाला लागायला दहा वाजतात. धुकं विरलं की फूलबागेतली बाकं भरू लागतात. माधवराव शिंद्यांच्या काळातली ही बाग. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज एकाच हिरवळीभोवती नांदतात. जवळच राणी लक्ष्मीबाईंची समाधी. मफलर, कानटोप्या घातलेली म्हातारी माणसं इथं ऊन खात बसतात. गप्पा हिंदीत चालतात, पण उठताना गुडघ्यात कळ आली की तोंडून "आई गं"च निघतं.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथं पडला आणि लश्कर वसलं. फौजेमागून कारकून आले, पुराणिक आले, गवई आले. त्यांचे वंशज आता पुण्यात, बंगळूरला, न्यू जर्सीत आहेत. घरात उरली दोन माणसं, कुठं एकच, आणि उंच पायऱ्यांचा दगडी जिना. मुलं बेफिकीर आहेत असं नाही. रोज रात्री व्हिडिओ कॉल येतो. पण फोनवरून आईच्या पाठीला साबण लावता येत नाही. २००७ चा कायदा आईबापांना पोटगी मिळवून देतो, १४५६७ ही हेल्पलाइन गाऱ्हाणं ऐकून घेते. दुपारी चारला समोर बसून चहा प्यायला मात्र माणूसच लागतं.

अशी माणसं घरोघरी पाठवायचं काम मी सुरू केलं. त्याच्या मर्यादा आधीच सांगते: इंजेक्शन नाही, जखमेचं ड्रेसिंग नाही, औषधाची मात्रा ठरवणं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीची वेळेवर आठवण करायची, एवढंच. बाकी अंघोळ, वेणीफणी, मऊ भात, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत सोबत, आणि ऊन चांगलं असेल तर फूलबाग.

सांभाळायला जाणाऱ्या नव्या ताईला मी पहिला धडा फूलबागेतल्या बाकावर देते. आजींना उठवायचं, पण हाताला धरून ओढायचं नाही. खांदा दुखावतो आणि तोलही जातो. आधी त्यांना बाकाच्या कडेला सरकू द्यायचं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे. मग त्यांनी पुढं वाकायचं, दोन्ही तळवे बाकावर दाबायचे आणि उठायचं. आपला हात कमरेमागे, टेकू देण्यापुरता. उभं राहिल्यावर लगेच चालायचं नाही. डोळ्यांपुढे अंधारी येत नाही ना, ते विचारायचं. याला वेळ लागतो. तो वेळ देणं हेच आमचं काम. आजी स्वतः उठल्या, की चेहऱ्यावर जे समाधान येतं ते ओढून उठवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलेलं नाही.

ताईची गोष्ट मात्र वेगळी. काही घरांत तिच्यासाठी वेगळा कप असतो आणि बसायला जिन्याची पायरी. पगाराचं बोलणं निघालं की, "पुण्याचं काम आहे हो, पैशाकडे काय बघता?" असं ऐकावं लागतं. पुण्याचं काम खरंच आहे. पण तिच्या घरचं भाडं आणि मुलांची फी पुण्याईवर भागत नाही. म्हणून कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, जादा वेळेचे पैसे हे सगळं मी कागदावर घेते. आणि एक ओळ हट्टानं घालते: ताईला आजींशेजारी खुर्ची हवी.

त्या ओळीमागे माझा अनुभव आहे. पायरीवर बसवलेली बाई कामं भराभर उरकते. खुर्चीवर बसलेली आजींचं बोलणं ऐकते. त्या कालपासून कमी जेवतात, डावा पाय ओढतात, हे तिलाच आधी कळतं. जिथं सांभाळणाऱ्या माणसाला मान नाही, तिथं ज्याला सांभाळायचं त्यालाही हळूहळू काम म्हणूनच उरकलं जातं.

म्हणून दूरदेशीच्या लेकरांना माझं एकच सांगणं असतं. रात्री फोन कराल तेव्हा ताईशीही बोला. जेवलीस का, सुट्टी घेतलीस का, असं आधी तिला विचारा. मग आईची खरी खबर ती आपणहून सांगेल.