गोरेगाव ते गोरेगाव रोड

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत गोरेगाव नावाचे एक स्थानक आहे आणि रायगड जिल्ह्यात, कोकण रेल्वेच्या मार्गावर माणगावच्या पुढे, गोरेगाव रोड नावाचे दुसरे. पहिल्या स्थानकावर पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्यावर पॅसेंजर निघून गेली की आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. 2008 ते 2012 या चार वर्षांत या दोन गोरेगावांच्या मध्ये मी किती वेळा ये-जा केली, याचा हिशेब माझ्याजवळ नव्हता. तो ताईजवळ होता. आणि तो वाचायला मिळेपर्यंत मी स्वतःला स्वस्तात शिकलेली मुलगी समजत होते.

आमचे घर कांदिवलीच्या पश्चिमेला, चारकोपमध्ये. खाडीकडच्या या सखल जमिनीवर 1980 च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने एक निराळी वसाहत वसविली. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना तयार घर न देता लहानसा भूखंड आणि पाणी, सांडपाणी, रस्ते यांची सोय द्यायची व घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे उभारायचे, अशी ती योजना होती. बाबांनी आधी पत्र्याचे छप्पर घातले. मग विटा आल्या, मग स्लॅब पडला आणि आम्ही दोघी बहिणी मोठ्या झाल्यावर वरचा मजला चढला. चारकोपमधल्या माणसाला एक गोष्ट लहानपणापासूनच ठाऊक असते. एकदम सगळे मिळत नाही; जोत्यापुरती जागा मिळाली तरी पुष्कळ झाले.

मला ती जागा लोणेरे येथे मिळाली. बारावीनंतर अभियांत्रिकीसाठी तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात प्रवेश झाला. मुंबईतल्या खासगी महाविद्यालयांचे शुल्क आम्हाला झेपणारे नव्हते. येथे ते कमी होते आणि वसतिगृह आवारातच होते. मुंबई-गोवा महामार्गाला लागून, भातखाचरांच्या शेजारी हे आवार पसरले आहे. त्याच रस्त्याने पुढे गेले की महाड लागते. तेथील चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी सत्याग्रह केला. ज्यांना पाण्यापर्यंत पोचू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी जेथे लढा झाला, त्या परिसरात त्यांच्या नावाचे विद्यापीठ असावे, हे मला नेहमीच उचित वाटत आले आहे. प्रश्न एवढाच होता की चारकोपहून तेथवर पोचायचे कसे. अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक, आणि घरात मिळवते हात दोन: बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात फिटर आणि ताई तेथेच दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला.

पहिल्या सत्रात मी एस.टी.ने येत असे. शुक्रवारी तास संपले की महामार्गावर येऊन उभे राहायचे, हात दाखवायचा आणि बोरिवलीची गाडी थांबली की चढायचे. रात्री नॅन्सी कॉलनीच्या स्थानकात बाबा वाट पाहत उभे असत. मला वसतिगृहात करमत नव्हते. खोलीतल्या इतर मुली चिपळूण, खेड, महाड या बाजूच्या. त्यांना पावसाचा तो अखंड आवाज परिचयाचा होता. मला मात्र तो ऐकला की आमच्या गल्लीतला गोंगाट आठवे. ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत मी जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी घरी आले. ‘अभ्यासाची पुस्तके न्यायची आहेत’ असे कारण मी सांगत असे. कोणी उलट विचारले नाही.

ऑक्टोबरमध्ये एका रात्री ताई म्हणाली, “अगं, दिव्याहून कोकणात पॅसेंजर जाते म्हणतात. आमच्या कारखान्यातल्या एका बाईंचे माहेर तिकडचे आहे. त्या नेहमी तिनेच जातात. तिकीट एस.टी.च्या पावसुद्धा नाही. त्या गाडीने येत जा, म्हणजे तुला सारखे येता येईल.”

मी ते लगेच मान्य केले. काटकसर करण्याचा मोठेपणा आपल्याकडे आला, याचा मला थोडा अभिमानही वाटला.

पॅसेंजरचा प्रवास स्वस्त होता, पण सोपा नव्हता. सोमवारी पहाटे, बेस्टची पहिली बस सुटण्याच्या आधी घर सोडावे लागे. बाबा आणि मी डहाणूकरवाडीवरून कांदिवली स्थानकापर्यंत चालत जात असू. माझी पिशवी त्यांच्या खांद्यावर, त्यांचा डबा माझ्या हातात. कारण मला गाडीत बसवून ते तसेच कामावर जात. कांदिवलीहून दादर, तेथे पूल ओलांडून मध्य रेल्वेची धीमी गाडी आणि मग दिवा. दिव्याच्या फलाटावर उजाडण्याआधीच गर्दी जमलेली असे. गोणी, बोचकी, आंब्याची रोपे, गणपतीच्या दिवसांत मखरांचे सामान. गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच तरुण मुले आत उड्या टाकत आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत. पुढे पनवेल, आपटा, पेण, नागोठणे अशी एकेक स्थानके घेत गाडी रोह्याला येई आणि तेथून कोकण रेल्वे सुरू होई.

रोह्यानंतर वेळापत्रक नावापुरते उरे. पूर्ण कोकण रेल्वेमार्गावर 1998 साली वाहतूक सुरू झाली ती एकेरी रुळांवर. रोहा ते वीर हा टप्पा दुहेरी झाला तो 2021 मध्ये. आमच्या वेळी समोरून गाडी येत असली की कोणाला तरी थांबावे लागे, आणि थांबण्याचा मान बहुधा पॅसेंजरचा असे. कोलाडला आम्ही बाजूच्या रुळावर उभे असू आणि लांब पल्ल्याची एखादी गाडी धडधडत निघून जाई. तिच्या बंद काचांआडची माणसे क्षणभर दिसत. कमी पैशांत प्रवास करणाऱ्याने उरलेली किंमत वेळेच्या रूपाने भरायची असते, हा व्यवहार मी त्या बाजूच्या रुळांवर शिकले. सोमवारचे पहिले तास माझे हमखास बुडत. गोरेगाव रोडला उतरून मिनीडोरमध्ये दाटीवाटीने बसून मी लोणेऱ्याला पोचे, तेव्हा मैत्रिणींच्या वह्या माझी वाट पाहत असत.

वर्षातून दोनदा, मोठ्या सुट्टीच्या आधी, आम्ही कार्यालयात सवलतीचे अर्ज भरत असू. शिक्षणसंस्थेतून मूळ गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याला रेल्वेच्या भाड्यात सूट मिळे. त्यासाठी सही आणि गोल शिक्का लागे. त्या शिक्क्याचा मला आधार वाटे. आपल्याला ओळखत नसलेल्या माणसांनीही आपल्या शिक्षणाचा थोडा भार उचलला आहे, हे त्यात लिहिलेले असे. ज्यांना मी ओळखत होते त्यांनी किती उचलला, हे मात्र कोणत्याच शिक्क्यात नव्हते.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. दहावी झाली त्या वर्षी बाबांचा आधीचा कारखाना बंद पडला आणि तिने शाळेची वाट सोडली. पुढे 2006 मध्ये तिने मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम केला आणि नंतरच्या वर्षी मराठी विषय घेऊन बी.ए.ला नाव घातले. रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचे, रात्री पॅकिंगच्या कामाने काळवंडलेल्या बोटांनी पुस्तिकेची पाने उलटायची, असा तिचा क्रम होता. एक योगायोग मला फार उशिरा लक्षात आला. माझे लोणेऱ्याचे विद्यापीठ आणि तिचे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, दोन्हींची स्थापना 1989 सालची. एका विद्यापीठापर्यंत मुलांनी जायचे होते. दुसरे, ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्या घरी येणार होते. आमच्या घरात दोन्हींची गरज होती, कारण प्रवासाचा खर्च एकीचाच निघू शकत होता.

2014 च्या पावसाळ्यात वरचा मजला गळू लागला आणि सामान हलविताना मला ताईची हिशेबाची वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. घरखर्चाच्या रकान्यांत माझ्या नावाचा एक रकाना होता: ‘जाणे’ आणि ‘येणे’. तारीख आणि रुपये. ऑगस्ट 2008 पासूनच्या त्या दोन महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक दाटीने लिहिल्या होत्या. त्या पानाच्या तळाशी बेरीज होती, आणि बेरजेच्या खाली एकच ओळ: ‘दुसऱ्या वर्षाचा प्रवेश, पुढील वर्षी.’

मला ते आठवले. त्या सप्टेंबरमध्ये ती म्हणाली होती, “कामाचे तास वाढले आहेत, यंदा अभ्यास जमणार नाही.” मी तिला ‘बरं’ म्हटले होते. मी आजारी नव्हते, परीक्षा नव्हती, कोणतीही अडचण नव्हती. मला करमत नव्हते, एवढेच. आणि माझ्या न करमण्याच्या त्या बेरजेत व मुक्त विद्यापीठाच्या वर्षभराच्या शुल्कात फारसे अंतर नव्हते. ‘दर आठवड्याला येऊ नकोस’ असे ती मला सहज म्हणू शकली असती. तसे न म्हणता तिने मला येता यावे म्हणून स्वस्तातली गाडी शोधून काढली. वहीतले पुढचे रकाने लहान होत गेलेले दिसत होते. 2009 मध्ये तिने दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि 2011 मध्ये ती पदवीधर झाली. माझ्या एक वर्ष आधी, पण तिच्या स्वतःच्या ठरलेल्या वेळेपेक्षा एक वर्ष उशिरा.

वही मी होती तेथे ठेवून दिली. तिला काही विचारले नाही. विचारून तिने ‘त्यात काय एवढे’ म्हटले असते आणि मला सुटल्यासारखे वाटले असते. तसे सुटणे मला नको होते.

वहीत न मावणारा एक खर्च मला 2016 साली कळला. 2 ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. त्यांतली एक राजापूरहून बोरिवलीला येत होती. बातमी ऐकताना आई भिंतीला टेकून बसली. लोणेरे त्या पुलाच्या अलीकडे आहे, मी त्या पुलावरून येत नसे, आणि तेव्हा मला शिक्षण संपवून चार वर्षे झाली होती. मी हे सगळे तिला सांगितले. ती म्हणाली, “आम्हाला कुठे ठाऊक होता तो रस्ता? बोरिवलीची गाडी एवढेच ठाऊक होते.” चार वर्षे मी खिडकीशी झोपून येत होते आणि ती घरी जागी होती.

शिक्षणासाठी केलेल्या खडतर प्रवासांच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. धोंडो केशव कर्वे लहानपणी परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले आणि वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही, ही हकीकत मराठी वाचकाला माहीत आहे. अशा कथांत चालणारा आपल्या लक्षात राहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु चालणाऱ्याची शिदोरी कोणी बांधली, त्या घरी त्या दिवसांत कोणाच्या ताटातली भाकरी कमी झाली, हे सांगणारी वही सहसा सापडत नाही. मला ती सापडली, म्हणून ‘मी स्वस्तात शिकले’ हे वाक्य मी बोलणे सोडले. आज मी तंत्रनिकेतनात शिकविते. एखादा विद्यार्थी सोमवारी उशिरा आला की तो कोणत्या गाडीने आला, हे आधी विचारते.

मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे झाले. त्या डिसेंबरात मी ताईला म्हटले, “चल, तुला लोणेरे दाखविते.” माझ्या चार वर्षांत घरातले कोणीही तेथे आले नव्हते, आणखी एका माणसाचे तिकीट आमच्या हिशेबात बसत नव्हते. बोरिवलीहून आम्ही साध्या गाडीत बसलो. वाहकाने दोन अर्धी तिकिटे दिली, ती ताईने नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. महामार्गाचे काम अजून चालूच होते. आवारात शिरल्यावर तिने वसतिगृह पाहिले, ग्रंथालय पाहिले, आणि विचारले, “तू कोणत्या खिडकीशी बसायचीस?” मी दाखविली. ती तेथे थोडा वेळ उभी राहिली. डोंगरांवरचे गवत वाळून पिवळे झाले होते.

फाटकाशी परत आलो तेव्हा तिने तिकिटे काढून त्यांवरचा आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाली, “जाताना पॅसेंजरने जाऊ या का? मी अजून तिच्यात बसलेच नाही.”