दुखऱ्या घोट्यावरची कारकीर्द

मार्को व्हान बास्टेन या डच आघाडीपटूची कारकीर्द घोट्याच्या दुखापतीने अकाली संपवली, हे विधान खोटे नसले तरी अपुरे आहे, कारण ज्या खेळासाठी तो ओळखला जातो त्यातला बराचसा खेळ त्याच दुखऱ्या घोट्यावर उभा होता. डिसेंबर १९८६ मध्ये आयाक्सकडून ग्रोनिंगेनविरुद्ध खेळताना त्याचा उजवा घोटा दुखावला. त्या काळी युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिला जाणारा बॅलन डी'ऑर मात्र त्याला १९८८, १९८९ आणि १९९२ असा तिन्ही वेळा त्यानंतरच मिळाला.

म्युनिकमध्ये २५ जून १९८८ रोजी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने सोव्हिएत संघाविरुद्ध मारलेली व्हॉली, म्हणजे चेंडू जमिनीला टेकण्याआधीच हवेत मारलेला फटका, या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डावीकडून सहकारी म्युरेनने उंच टाकलेला चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या उजव्या कडेला उतरत असताना कोन अगदी अरुंद होता. अशा फटक्यात पाऊल पुढे ताणून घोटा घट्ट आवळून धरावा लागतो, कारण तो किंचित सैल राहिला तरी चेंडू आडव्या खांबावरून निघून जातो. चेंडू गोलरक्षक दासायेवच्या डोक्यावरून जाळ्यात गेला.

पण त्या घोट्याची झीज भरून येणारी नव्हती. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने ती एकदा झिजली की जवळजवळ भरून येत नाही. शस्त्रक्रियेने सुटे तुकडे काढता येतात, गेलेली कूर्चा परत आणता येत नाही. वारंवार शस्त्रक्रिया होऊनही व्हान बास्टेनचा शेवटचा अधिकृत सामना २६ मे १९९३ रोजी, म्युनिकच्याच त्या मैदानावर, मिलान क्लबकडून मार्सेलविरुद्ध झाला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. पुनरागमनाचे प्रयत्न फसल्यावर ऑगस्ट १९९५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

पुढे घोट्याच्या सांध्याची हाडे कायमची जोडून टाकल्यावर वेदना थांबली, पण घोट्याची हालचालही गेली, म्हणजे वेदनेवरचा खरा उपाय आणि फुटबॉल हे दोन्ही एकाच पायात नांदू शकत नव्हते. म्हणून खेळाडू येत्या रविवारी उतरू शकेल का, एवढ्यावरच दुखापतीचा निवाडा करणे चुकीचे ठरते. दुखऱ्या सांध्यावर उत्तम खेळणारा खेळाडू बरा झालेला असतोच असे नाही, आणि त्याचे कौशल्य जितके मोठे तितकी ही झीज इतरांच्या लक्षात उशिरा येते.