एक वाव ढील

यंदा पोळ्यानंतर जोगलादेवीच्या बंधाऱ्यावर माझ्या तीन मरळी सुटल्या. तिन्ही माझ्याच हातानं. उजव्या हाताचं पहिलं बोट वर्षभरापासून बधिर झालंय. तंगुसाचा दोरा त्यावरून सरकला तरी आता कळत नाही.

मरळीचं सगळं गणित त्या सरकण्यात असतं. ती बेडकावर तुटून पडते, पाणी फुटतं आणि हात आपसूक झटका मारतो. तिथंच ती जाते, कारण तिनं बेडूक नुसता दातांत धरलेला असतो. खाली जाऊन तोंड फिरवल्यावरच ती गिळते. म्हणून एक वाव ढील हाताशी ठेवायची, ती तिला नेऊ द्यायची, दोरा थांबला की आपणही थांबायचं आणि पुन्हा चालू झाला की मारायचं. त्या दोन ओढींमधलं अंतर मी चाळीस वर्षं शोधतोय. थंडीत ते लांबतं. आभाळ भरून आलं की ती लव्हाळ्यात तशीच बसून राहते, दुसरी ओढ येतच नाही. मी श्वास मोजून पाहिले, मनात विठ्ठलाचं नाव घेऊन पाहिलं. त्या अंतराचं माप बोटाखेरीज कशालाच कळलं नाही.

आमच्या लहानपणी इथं वाहती गोदावरी होती. वाम आणि शिंगाळा लागायचा. 1976 मध्ये पैठणचं धरण झालं, पुढं खाली बंधारे आले, पाणी उभं राहिलं, कडेला जलपर्णी माजली. वाम कमी झाली. मरळीला मात्र घर मिळालं. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळं कोंदटलेल्या पाण्यातही तगते.

पुतण्या संभाजीनगरहून रीळ आणि रबरी बेडूक घेऊन येतो. रबर आहे हे कळलं की मरळ थुंकते, म्हणून तो लागलीच मारतो. दहांतल्या सात घालवतो, तरी त्याचा चेहरा पडत नाही. मला ते बघवत नाही. तरी तो गळच टाकतो. बॅटरीचा करंट पाण्यात सोडणाऱ्यांना मी मासेमार म्हणणार नाही. बोटाएवढी पिल्लंसुद्धा पोट वर करून तरंगतात.

पिल्लांवरून बोलायचा अधिकार मला नाही, खरं तर. माझं नाव ज्या मरळीवर झालं ती साडेचार किलोची होती. ती मी आठवडी बाजारातून खांद्यावर टाकून नेली, सरळ वाट सोडून, लोकांनी बघावं म्हणून. विचारेल त्याला सांगितलं, एक वाव ढील दिली होती. दिली नव्हती. ती तांबड्या पिल्लांच्या घोळक्याखाली राखणीला होती. अशी मरळ भुकेनं घेत नाही, जवळ येईल त्याला मारायला धावते. तिला ढील लागत नाही, थांबणं लागत नाही. मला ते ठाऊक होतं. पाण्यावर तांबडा डाग दिसला आणि मी बेडूक बरोबर त्याच्या मधोमध टाकला.

दुसऱ्या दिवशी डाग निम्मा झाला होता. काठाला बगळे. चौथ्या दिवशी तिथं नुसतं पाणी होतं. माझ्या आत्याला दम्यासाठी मृगाला हैदराबादला नेलं होतं. तिथं औषधासोबत मरळीचं जिवंत पिल्लू गिळायला देतात. घशातून उतरताना ते वळवळलं, असं ती सांगायची. त्या चौथ्या दिवशी काठावर मला तेच आठवत राहिलं.

पुतण्या त्या मरळीची गोष्ट अजून मित्रांना सांगतो, ढिलीसकट. मी त्याला अडवलेलं नाही.

परवा दोरा डाव्या बोटावर घेऊन बसलो. ऊन कलल्यावर पाणी फुटलं. पहिली ओढ कळली, अगदी स्पष्ट. मग दोरा थांबला. शेजारून पुतण्या म्हणत होता, "काका, मारा. मारा ना, काका."