मामांचं नाव नसलेला कागद

नेरडीगोंड्याला पोट बिघडलं की कुड्याची साल आठवते. आमच्या घरात मराठी, बाजारात तेलुगू, वाडीवर गोंडी; पण साल नेमकी कुठल्या झाडाची काढायची हे विचारायला सगळे एकाच गोंड म्हाताऱ्याकडे जात. त्यांना मी मामा म्हणायचे. कुंतालाच्या धबधब्याकडच्या रानात ते शेंगा दाखवत. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी सुट्या असतात, काळ्याच्या टोकाशी चिकटलेल्या. औषधी साल पांढऱ्याची. बाजारात काळ्याचीही त्याच नावाने खपते, आणि एकदा वाळली की भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

पुढे आयुर्वेदात एम.डी. करताना कुटजावरच, म्हणजे पांढऱ्या कुड्यावरच, प्रबंध घेतला. ग्रंथांची ददात नव्हती. हैदराबादला वैद्यकाच्या इतिहासाची संस्था १९५६पासून आहे, आणि तिच्यामुळे आज चरकसंहिता संगणकावर शोधता येते. अतिसारावर कुटज, हे चरक सांगतोच. पण माझ्या पिशवीतली साल कुटजाचीच कशावरून? सालीतलं कोनेसीन हे औषधी द्रव्य मोजायचं ते त्यानंतर.

साल कुटजाचीच, हे ठरवून दिलं पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या वनस्पतिसंग्रहाने. शंकर पुरुषोत्तम आघारकर या मालवणच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४६मध्ये उभ्या केलेल्या कामातून ही संस्था वाढली. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना यंत्रं दिसतात. मला मात्र जाड कागदांनी भरलेली कपाटं दिसतात. तिथल्या बाईंनी माझी वर्तमानपत्रात दाबून आणलेली फांदी उलगडली. ‘‘फूल नाही? मग शेंग तरी आणलीस ना?’’ आणली होती, मामांच्या कृपेने. शेजारच्या घडीत काळ्या कुड्याची डहाळी होती. तिची पानं वाळताना निळसर काळी पडली होती. याच पानांपासून निळा रंग काढत, हे बाईंनी जाता जाता सांगितलं, मग भिंगातून शेंग पाहिली, जुना नमुना काढून शेजारी ठेवला आणि दाखला लिहून दिला. त्या दाखल्यावर माझा प्रबंध उभा आहे.

नमुन्याच्या चिठ्ठीवर झाडाचं शास्त्रीय नाव आहे, गाव नेरडीगोंडा, जिल्हा आदिलाबाद, तारीख, आणि गोळा करणारी म्हणून मी. मामा कुठेच नाहीत. तशी चिठ्ठीत जागाच नसते. २००२च्या जैवविविधता कायद्यात पारंपरिक जाणकारांना लाभाचा वाटा देण्याची भाषा आहे, पण ज्याचं नावच कागदावर नाही त्याला वाटा कोण आणि कसा देणार? बाईंचं ऋण प्रबंधाच्या पहिल्या पानावर मानलं. मामांचं आज इथे मानते आहे, फार उशिरा.

झाडपाल्यावर काम करणाऱ्या मुलामुलींनो, फांदी फूल-फळासकट दाबा, आणि चिठ्ठीवर ‘माहिती देणारा’ अशी एक ओळ वाढवा. नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा.