रुआ म्हणजे कोण?
(डब्लिनची दैनंदिनी : लेखांक 4)

सोमवार, 12 मे

विहीणबाई आज पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. आत बिस्किटं नव्हती. मेलेल्या नातलगांच्या आठवणीसाठी इकडे फोटो आणि प्रार्थना छापलेली छोटी कार्डं वाटतात, तसली दहाबारा कार्डं होती. शिवाय एक मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा एक फोटो. फोटोतल्या निम्म्या माणसांची नावं आता कुणालाच सांगता येत नाहीत. विहीणबाईंचे आजोबा कॉर्क काउंटीतून डब्लिनला आले. गाव स्किबरीनच्या बाजूचं, आडनाव सलिव्हन. माहिती एवढीच.

"तुम्ही जन्मभर जमिनीचं दप्तर सांभाळलंत, आता आमचं मूळ शोधून द्या," असं त्या म्हणाल्याचं लेकीनं मला सांगितलं. चौतीस वर्षं तलाठी होतो, हे लेकीनंच त्यांना कधीतरी ऐकवलेलं दिसतं.

कॉर्कात सलिव्हन शोधायचा म्हणजे साताऱ्यात जाधव शोधायचा. मी म्हटलं, आधी जिवंत माणसांना विचारा, कागद कुठं पळून जात नाहीत. मग विहीणबाईंनी कॉर्कच्या एका वृद्ध आत्याला फोन लावला. आत्याबाईंना सनावळी काही आठवेना, पण एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली : "आपण रुआ सलिव्हन." रुआ म्हणजे आयरिश भाषेत तांबडा. विहीणबाई हसून म्हणाल्या, आत्याचं हल्ली असंच चालतं. मी शब्द वहीत लिहून घेतला. तलाठ्याची सवय, दुसरं काय.

मंगळवार, 13 मे

दिवसभर पाऊस, त्यामुळे दिवसभर लॅपटॉप. इथल्या सरकारनं जन्म-मृत्यू-विवाहाची जुनी रजिस्टरं फुकट खुली करून ठेवली आहेत. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्नं पंचाहत्तर आणि मृत्यू पन्नास वर्षांपूर्वीचे. सगळ्यांची सक्तीची नोंद 1864 पासून. कॅथलिक सोडून इतरांची लग्नं मात्र 1845 पासूनच नोंदवली जात.

त्याहून मजा जनगणनेत. 1901 आणि 1911 या दोन्ही शाबूत आहेत आणि घरोघरचा फॉर्म घरबसल्या उघडतो. कुटुंबात कोण, धर्म कुठला, वाचता येतं का, आयरिश बोलता येतं का, हे सगळं त्यात. वेगळ्या तक्त्यात घराच्या भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, दर्शनी खिडक्या किती. 1911 मध्ये लग्न झालेल्या बाईला आणखी एक प्रश्न होता : मुलं किती झाली आणि त्यातली किती जगली? विहीणबाईंच्या पणजीच्या रकान्यात 9 आणि 7 असे आकडे होते. त्यावर कुणी काही बोललं नाही. लेक चहा करायला उठली.

त्याच घरातली म्हातारी सासू 1901 ला पंचावन्न वर्षांची आणि 1911 ला एकाहत्तर. दहा वर्षांत सोळा वर्षं वाढली! जावईबापूंना वाटलं घर चुकलं. घर बरोबर होतं. 1909 च्या जानेवारीपासून सत्तरीपुढच्या गरिबांना सरकारी पेन्शन सुरू झाली आणि आयर्लंडभरच्या म्हाताऱ्या एकदम म्हाताऱ्या झाल्या. म्हातारीच्या जन्माच्या काळात नोंदणीच नव्हती, मग वय सिद्ध करायला लोक 1841 आणि 1851 च्या जनगणनेचे उतारे मागवत. लबाडी की खरं वय, कोण सांगणार? आमच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. मी कुणाला नावं ठेवायला गेलो नाही.

संध्याकाळपर्यंत म्हातारीच्या लग्नाची नोंद सापडली, 1866 ची. नवरा जेरमाया सलिव्हन. नवऱ्याच्या बापाचा रकाना भरलेला : टिमोथी, शेतकरी. जेरमायाच्या थोरल्या मुलाचं नावही टिमोथीच. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची रीत इथंही होती. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

बुधवार, 14 मे

कागद पळून जात नाहीत, असं सोमवारी म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो.

लिफी नदीच्या काठावर फोर कोर्ट्स ही हिरव्या घुमटाची न्यायालयाची इमारत आहे. तिच्या आवारातच देशाचं दप्तर होतं. ब्रिटनशी झालेला करार अमान्य असलेले लोक 1922 मध्ये इथं ठाण मांडून बसले आणि नव्या आयरिश सरकारनं तोफा लावल्या. 30 जूनला मोठा स्फोट झाला, आग लागली आणि सात शतकांचे कागद गेले. जळके कपटे शहरभर पडत होते म्हणतात. 1821 पासून 1851 पर्यंतच्या चार जनगणना त्यात संपल्या, काही तुकडे तेवढे उरले.

पण सगळं पाप तोफांच्या माथी मारता येत नाही. 1861 आणि 1871 चे फॉर्म सरकारनं आधीच नष्ट केले होते, आणि 1881 व 1891 चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्यात घातले. दप्तरखान्याला आग लागली तर माणूस हळहळतो. पण कारकुनानं शिस्तीत रद्दी केली, तर तिला मी काय म्हणू? हातून गेलेल्या काही जुन्या गठ्ठ्यांची आठवण झाली. असो.

दुपारी किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय ग्रंथालय. नवख्यांना फुकट सल्ला देणारी खोली आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "आडनाव बाजूला ठेवा. टाउनलँड कोणता?" टाउनलँड म्हणजे जमिनीचा सगळ्यात लहान नावाचा तुकडा, आपल्या वाडीसारखा, कधी नुसत्या शिवाराएवढा. साऱ्या बेटावर साठ हजारांहून जास्त. तो कळला नाही तर पुढचं सगळं आंधळी कोशिंबीर. आमच्याकडे 1868 च्या एका जन्मनोंदीत तो होता. (विहीणबाईंनी नाव छापू नका असं बजावलंय.)

कॅथलिक पॅरिशच्या वह्या याच ग्रंथालयानं 2015 पासून सगळ्यांसाठी खुल्या केल्या. नावं बहुतेक लॅटिनमध्ये, अक्षर पाद्रीबुवांच्या मर्जीवर. कुणबी नोंदींच्या वेळी मोडी वाचणाऱ्यांना आला होता तसा भाव इथं लॅटिन वाचणाऱ्याला यावा. त्यातच जेरमाया म्हणजे डर्बी म्हणजे डियरमुड : एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावं, कॉर्क-केरीकडे हे सर्रास चालतं.

गुरुवार, 15 मे

पाय दुखतात. सेंट स्टीफन्स ग्रीन बागेत बसून राहिलो. दाराशी बोअर युद्धात मेलेल्या रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची कमान आहे. या रेजिमेंटची एक पलटण 1881 पर्यंत 'रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स' होती, मूळची कंपनी सरकारची मुंबईची गोरी फौज. तेव्हा काही आयरिश घरांचा शोध मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींत येऊन ठेपत असणार. आमचा सलिव्हन तिकडे गेला नव्हता. मला उगाच वाईट वाटलं.

शुक्रवार, 16 मे

आज घरीच माझा दिवस होता. ग्रिफिथचं मूल्यांकन उघडलं. रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्यानं कर बसवण्यासाठी 1847 ते 1864 या काळात अख्ख्या आयर्लंडची जमीन आणि घरं मोजून वहिवाटदारांची यादी छापली. गणना जळल्यामुळे आज तीच गणनेचं काम करते. कर लावायला लिहिलेलं दप्तर पणतू-खापरपणतू असं चाळतील, हे ग्रिफिथसाहेबाच्या स्वप्नातही नसेल.

रकाने पाहिले आणि मी खुर्ची पुढे ओढली. नकाशावरचा क्रमांक, वहिवाटदार, जमीन कुणाकडून धरली, वर्णन, क्षेत्र, आकारणी. हा तर सातबारा! क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये. एकराचे चार रूड, रुडाचे चाळीस पर्च. म्हणजे एक रूड दहा गुंठे आणि चार पर्च एक गुंठा. जावईबापू कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत मी सात एकर तेवीस गुंठे सांगून मोकळा.

वर्णनात मात्र फसलो. 'हाउस, ऑफिस अँड लँड' वाचून म्हटलं, सलिव्हनांचं ऑफिस होतं? विहीणबाई हसून हसून लाल. ऑफिस म्हणजे गोठा, कोठी, पडवी.

आता खरी गोम. त्या एका टाउनलँडमध्ये टिमोथी सलिव्हन तीन. एकाच नावाचे अनेक असले की ग्रिफिथची माणसं पुढे कंसात खूण करत : कधी बापाचं नाव, कधी घराण्याचं टोपणनाव. पहिल्यापुढे कंसात जॉन. दुसऱ्यापुढे डॅन. तिसऱ्यापुढे चारच अक्षरं, 'रुआ'च्या जुन्या स्पेलिंगातल्या आर-यू-ए-डी-एच यांतली पहिली तीन आणि एक पुसट एच.

विहीणबाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि लगेच आत्याबाईंना फोन लावला.

शनिवार, 17 मे

साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. स्किबरीनला दुपारी पोचलो. 1845 च्या पुढच्या बटाट्याच्या दुष्काळात फार होरपळलेलं हे गाव. आयर्लंडची 1841 ची ब्याऐंशी लाखांच्या आतबाहेरची वस्ती दहा वर्षांत पासष्ट लाखांवर आली. गावाबाहेर ॲबीस्ट्रूअरीच्या दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसं एकत्र पुरलेली आहेत. वर नुसतं गवत. विहीणबाईंनी तिथं रुआ शोधला नाही, आणि शोधायला नावं आहेत कुठं?

रविवार, 18 मे

सकाळी टाउनलँड. ग्रिफिथच्या नकाशावरचा क्रमांक फोनवर धरून बांधाबांधानं गेलो. सोबत मूल्यांकन खात्याकडून मागवलेली रंगीत प्रत होती. ग्रिफिथनंतर बदल झाला की जुनं नाव खोडून नवं लिहीत, वेगळ्या वर्षी वेगळी शाई. आमचे फेरफारच. टिमोथी काळ्या शाईत, तो खोडून जेरमाया लाल शाईत, मग निळ्यात जेरमायाची विधवा, म्हणजे ती पेन्शनवाली. तिच्यानंतर हिरव्यात परकं आडनाव.

दगडी गोठ्याच्या दोन भिंती उभ्या आहेत, आत काटेरी झुडपं. हिरव्या शाईवाल्यांचा नातू ट्रॅक्टरवरून उतरला. कशाला आलात विचारलं. विहीणबाईंनी आडनाव सांगितलं तर त्यानं खांदे उडवले, इथं सगळेच सलिव्हन.

"रुआ," त्या म्हणाल्या.

"हां, म्हणजे वरच्या अंगाचं शेत तुमचं," तो म्हणाला. "आम्ही अजून त्याला रुआचं शेतच म्हणतो. या, दाखवतो. बूट घातलेत ना? चिखल आहे."

(क्रमशः)