ब्रेकचं तेल

आमच्या पिकअपच्या मीटरवर ८०,००० किलोमीटर झाले, तेव्हा मी घरात म्हटलं होतं, "अजून तरुण आहे गाडी!" सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापडबाजारातून साड्यांचे गठ्ठे भरून ती महिन्यातून दोनदा धुळ्याला जाते. एरवी गावातल्या गावात फेऱ्या.

हिशेबाची वही माझ्याकडे. इंजिन ऑइल आणि फिल्टरचा खर्च मला पटायचा. काळं तेल डोळ्यांना दिसतं ना! पण मिस्त्रीने दोनदा लिहून दिलेलं 'ब्रेक ऑइल बदली' मी दोन्ही वेळा खोडलं. डबी भरलेली, गळती नाही, मग पैसे कशाला घालवायचे?

गेल्या पावसाळ्याआधी ड्रायव्हरदादा धुळ्याहून परतीचा माल घेऊन कोंडाईबारीचा घाट उतरत होते. घरी आल्यावर पाणी पिऊन शांतपणे म्हणाले, "वहिनी, पाय खालपर्यंत गेला, ब्रेक लागेनात. गियर खाली टाकत टाकत इंजिनवर गाडी रोखली न् कडेला लावली. थंड झाल्यावर ब्रेक परत आले."

त्यांना दोन लहान मुली आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रीने समजावलं ते असं: ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि तापीकाठची हवा तर दमटच. डॉट-३ जातीचं नवं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, ब्रेक दबत नाही. म्हणून डबी भरलेली असली तरी साधारण दोन वर्षांनी तेल बदलायचं.

आता वहीत या गाडीसाठी वेगळं पान आहे. इंजिन ऑइल कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे, किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल तसं. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं. कापडबाजाराच्या धुळीमुळे एअर फिल्टर लवकर पाहणं. पाट्यांना तडा गेलाय का, टायर एकाच बाजूने झिजतायत का, कूलंट किती आहे. आणि चौमासा लागायच्या आत ब्रेक, वायपर, टायर तपासून घेणं.

त्या पानावर शेवटचा रकाना मी मुद्दाम आखला: 'ड्रायव्हरदादांचं म्हणणं'. गाडी गॅरेजला पाठवण्याआधी तो भरायचाच. कारण घाटात गाडीबरोबर ते असतात, मी नसते.

बायांनो, घरखर्चात काटकसर आपण शिकतोच. पण एखादी ओळ खोडताना तिच्यामागे कोण बसलंय, तेवढं एकदा बघावं.