बेवारस ध्वनींचे दप्तर

गायकाचा आलाप, वक्त्याचे भाषण, लोकनायकाचा संदेश यांचे मुद्रण होते आणि ते जतनही केले जाते, कारण त्यांची महती आधीच मान्य झालेली असते. परंतु पहाटेच्या जात्याची घरघर, रहाटाची कुरकुर, लहानशा स्टेशनावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पडणारा टोला, या ध्वनींची कोणत्याही दप्तरी नोंद नसते आणि ते नाहीसे होतात तेव्हा कोणाला त्यांचे सुतकही नसते. अशा बेवारस ध्वनींचा संग्रह करणारा छांदिष्ट मला इतिहासकाराइतकाच आदरणीय वाटतो.

या छंदाच्या आद्य उपासकांपैकी एक तर बालक होता. १८८९ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यावर आपल्या पाळीव शामा पक्ष्याचे गाणे टिपले. पक्ष्याच्या स्वराचे आज ज्ञात असलेले ते सर्वांत जुने मुद्रण होय. शामा हा आपल्या सह्याद्रीच्या दाट रानांतही गाणारा पक्षी, ही गोष्ट आठवली की मला उगाचच अभिमान वाटतो. कोख ज्यू होते. १९३६ मध्ये त्यांना मायदेश सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला, आणि पुढे त्यांची ध्वनिमुद्रणे बीबीसीच्या निसर्गध्वनींच्या संग्रहाचा पाया ठरली.

संग्रहाच्या पुढची पायरी मिश्रणाची. १९४८ साली पॅरिसच्या नभोवाणीतील पिएर शेफर यांनी रेल्वे इंजिनांचे ध्वनी तबकड्यांवर घेतले, तबकडीची खाच वर्तुळात बंद करून एकच आघात पुनःपुन्हा वाजवला, तबकडी शीघ्र वा मंद फिरवून त्याचा स्वर चढवला-उतरवला, आणि या सामग्रीतून सुमारे तीन मिनिटांची एक रचना सिद्ध केली. त्याच जातीचा उद्योग हल्लीचे तरुण घरबसल्या करतात व त्याला मॅशअप म्हणतात. दोन लोकप्रिय गीते केवळ सूर जुळतात म्हणून एकमेकांवर चढवण्यात कौशल्य आहे, रस नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या संग्रहात जात्याची घरघर आणि इचलकरंजीच्या यंत्रमागाचा खटखटाट यांचे एक मिश्रण आहे. जात्याचा फेरा संथ, धोट्याची धाव चपळ. दोहोंची लय जुळत नाही, परंतु कान लावून ऐकत राहिले असता काही फेऱ्यांनंतर दोन्ही आघात एका क्षणी समेवर आल्यासारखे एकत्र पडतात आणि लगेच पुन्हा विलग होतात. एकीने पहाटे घरासाठी दळले, दुसऱ्याने रात्रपाळीत मालकासाठी विणले. ज्यांची कधी गाठ पडली नाही असे दोन श्रम त्या क्षणी परस्परांना ओळखतात, असे मला मनापासून वाटते.

मात्र ध्वनी राहिला आणि त्याचा ठावठिकाणा गेला, तर निम्मा ऐवज गमावल्यासारखाच आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तबकडी कोणाची हे तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून गाण्याच्या अखेरीस गौहर जान यांनी स्वतःचे नाव उच्चारून ठेवले, आणि ते आजही त्या तबकडीवर ऐकू येते. वाचकहो, आपल्या घरातला, गल्लीतला, शेतातला जो ध्वनी उद्या राहणार नाही असे वाटेल तो आजच टिपून ठेवा, आणि मुद्रण थांबवण्यापूर्वी तारीख, गाव व तो ध्वनी कोणाच्या हातचा, हे स्वतःच्या तोंडाने स्पष्ट सांगून ठेवा.